आंबेदऱ्याच्या वाटेला कोणता टायर

राजूर, १६ ऑगस्ट १९७१

ती. स्व. आप्पांना,

साष्टांग नमस्कारातली सात अंगं पोचती करतो. आठवं अंग, म्हणजे उजवा गुडघा, सध्या वाकायला तयार नाही, आणि त्याचंच गाऱ्हाणं घेऊन दोन वर्षांच्या अबोल्यानंतर तुमच्या दाराशी उभा आहे.

गाऱ्हाणं असं, की माझ्या सायकलीची सीट माझ्या अपरोक्ष दोन बोटं वर चढवण्यात आली आहे. सायकल माझी, पावती माझ्या नावावर, घंटीसुद्धा मी निवडलेली. काल झेंडावंदनासाठी शाळेला निघालो, टांग टाकली, आणि पाय पायडलपर्यंत पोचेनात. तसाच लोंबकळत चावडीपर्यंत गेलो. तिथं उतरू पाहिलं तेव्हा गुडघ्यानं आपलं मत नोंदवलं. पन्नाशीच्या, पोरांना संस्कृत शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला त्याच्याच विद्यार्थ्यांसमोर असं टांगून ठेवणं कोणत्या कलमात बसतं, ते तुमच्या वकिलाला विचारून कळवावं.

आरोपी घरातलीच आहे. तुमची पुतणी, माझी लेक मुक्ता. जाब विचारला तर म्हणाली, "अण्णा, चढाला पाय पुरा लांब व्हावा लागतो. तुम्हाला कुठं चढायचंय?"

लोहाराकडे सुई आणि कढई एकाच वेळी घडवायला आली तर तो आधी सुई घडवतो, असा आमच्याकडे एक न्याय आहे. सीटची सुई झाली. आता कढई.

मुक्ता नगरचा नर्सिंगचा कोर्स पुरा करून फाल्गुनापासून इथल्या सरकारी दवाखान्यात आहे. खिंडीपलीकडच्या वाड्या तिच्याकडे आहेत. एस. टी. खिंडीच्या पायथ्याशी हात टेकते. पुढं बैलगाडीही जात नाही. अशा वाटेनं ती शेवटच्या आंबेदऱ्यापर्यंत सायकलीवर जाते. नवी लेडीज सायकल घेऊ म्हटलं तर नको म्हणाली, तिचा सांगाडा त्या दगडात टिकायचा नाही. म्हणून माझी, बारची. आणि साडीचा प्रश्न तुमच्या मनात येण्याआधीच सांगतो, वहिनींनी दिलेल्या दोन्ही नऊवारी कामी आल्या आहेत. काष्टा घातला की बाई बारवरून टांग टाकायला मोकळी. आपल्या पणज्यांनी हे वस्त्र सायकलीसाठीच शोधलं असावं, सायकल यायला तेवढा उशीर झाला.

प्रश्न टायरचा आहे. वाट अशी: आधी मुरूम, मग सराटे (ज्याला आम्ही गोक्षुर म्हणतो, पण नाव बदलल्यानं ते बोथट होत नाहीत), मग खिंडीखाली एक उतरता कातळ, ज्याच्यावरून कार्तिकापर्यंत पाणी पाझरत राहतं. या तिन्हींना पुरा पडेल असा टायर कोणता, यावर आसारामच्या सायकल दुकानापुढच्या बाकावर रोज वाद होतो.

पूर्वपक्ष कचरू पोस्टमनचा. "हवा दगडागत ठेवायची, शास्त्रीबुवा. टायर बारीक, हवा टाइट. काटा शिराया बघतो, पर टायरच त्याला लाथ घालतो."

त्याला मच्छिंद्र दूधवाल्याचं उत्तर. "तुजं काय, तू कागदं वाहतोस. माज्या कॅना घिऊन चल एक डाव. टायर पायजे जाड, माल वाहायचा, अन् हवा जरा नरम. नरम टायर दगुड वळखतो."

"वळखतो अन् मग त्याच्याकडंच मुक्कामाला ऱ्हातो. चढाला ढकलतच नेतोस ना?"

"ढकलतो, पर दूध पोचतं. तुजी पत्रं पोचत्यात का?"

आसारामचं म्हणणं, टायर कोणताही घ्या, आतून जुन्या टायरचा पट्टा घाला, काटा पट्ट्यात अडकून मरतो. हा पट्टा आसाराम स्वतःच विकतो, हेही नमूद करतो. मी त्यांना हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट सांगितली. कचरू म्हणाला, "त्या आंधळ्यांनी हत्तीला हात तरी लावला हुता. तुमी खिंड कवा चढला?"

मुक्ता दवाखान्यातून येत होती. उभ्या उभ्या एवढंच म्हणाली, "पुढच्या चाकानं धरायचं असतं, मागच्यानं ढकलायचं असतं. दोघांना एकच टायर कसा चालेल?" तिला पुढं हवा आहे उठावदार चौकटींच्या नक्षीचा, जाड. इथं मिळतात ते सगळे नुसत्या रेघांचे. तुमच्याकडे श्रीगोंद्याला मात्र तसे मिळतात. उसाला पाणी द्यायला जाणारे तुमचे गडी तेच वापरतात, मी स्वतः पाहिले आहेत. माप अठ्ठावीस बाय दीड. एक झिजला तर दुसरा हाताशी असावा, म्हणून दोन पाठवावेत.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्या दिवशी ओसरीवर म्हणाला होतात, "सूर्यभान, आपल्या घरातली पोरगी सायकलीवर टांग टाकून लोकांची बाळंतपणं करत हिंडणार असंल, तर तुजा-माजा संबंध संपला." तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. आज देतो. ती हिंडते आहे. टायर वाईट असला तरी हिंडेल, चांगला असला तर जरा सुखानं हिंडेल. तुमच्या हातात तेवढाच फरक आहे.

टायरची वाट पाहणारा,
सूर्यभान


राजूर, ६ सप्टेंबर १९७१

ती. स्व. आप्पांना,

टायर आले नाहीत. रंभाजी आले.

तुमच्या मळ्याच्या कारभाऱ्याला बघून मला आनंदच झाला, पण त्यांच्या हातात टायर नव्हता, मुलाची पत्रिका होती. कारखान्याच्या ऑफिसात नोकरी, घरची विहीर, विहिरीवर इंजिन, स्वतःची फटफटी. अट एकच. नोकरी सोडायची, आणि सायकलीचं नाव काढायचं नाही. या एकाच अटीत दोन अटी कशा बसवल्या त्याबद्दल मुलाच्या वडिलांचं कौतुक वाटलं.

रंभाजींची वेळ मात्र चुकली. त्याच दिवशी बाकावरच्या वादाचा निकाल लावायचा ठरला होता. खिंडीखालच्या कातळावरून कचरू, मच्छिंद्र आणि मुक्ता, तिघांनी एकामागून एक उतरायचं. जो पाय न टेकता खाली येईल त्याचा टायर खरा. रंभाजींना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून त्यांनाही नेलं. रस्ताभर ते मला समजावत होते आणि मी त्यांना वाट दाखवत होतो.

कचरू पहिला. त्याची दगडासारखी हवा ओल्या कातळावर आली आणि खऱ्या दगडाशी तिचं पटलं नाही. सायकल उडत उडत आली, कचरू तिच्या मागून, बसून. खाली आल्यावर म्हणाला, टायरचा दोष नाही, आज पत्रांची पिशवी नव्हती, वजन कमी पडलं. मच्छिंद्रनं रिकाम्या कॅना लावून घेतल्या, सवय म्हणून. टायरनं दगड ओळखला हे खरं, पण कॅनांचा आवाज ऐकून वरच्या रानातली गुरं उधळली आणि ब्रेक लावून त्याला मध्येच पाय टेकावा लागला. त्याचं म्हणणं, हा गुरांचा दोष. मुक्ता शेवटी आली. पुढच्या चाकातली हवा तिनं थोडी सोडली होती, मागची तशीच. सगळा उतार ती पायडलवर उभी राहून आली, पाय टेकला नाही, पण अगदी तळाशी पुढचं चाक सरकलं आणि तिला हातानं कातळाला धरावं लागलं. हात म्हणजे पाय नव्हे, असं मी म्हटलं. बाकीच्यांनी ते मानलं नाही. निकाल लागला नाही आणि तिघंही आपापल्या मतावर आणखी ठाम झाले. शास्त्रार्थाचा शेवट नेहमी असाच होतो.

रंभाजी दगडावर बसून पाहत होते. बोलून गेले, "ते चौकटीवालं टायर आसतं ना, तर सरकलं नसतं. फडात चिखुल आसतो तवा आमी..." आपण कोणाच्या बाजूनं आलो आहोत ते त्यांना आठवलं असावं.

येताना ते मुक्ताशी बोलले. मी दोन पावलं मागं होतो, पण कान पुढं होते.

"पोरी, पोरगं सोनं हाय बघ."

"काका, त्यांना सायकल येते का?"

"आगं, त्याच्याकडं फटफटी हाय म्हनलं ना."

"मग सोडतील का मला रोज आंबेदऱ्याला? मी मागं बसेन, पदर घेऊन."

रंभाजींना हसू आवरेना. "लई वांड हायेस. आप्पासायबास्नी काय सांगू मी?"

"टायर पाठवा म्हणून सांगा."

त्यांनी तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. माझ्याकडून हे घ्या. पत्रिका मी पाहिली, गुण छत्तीसपैकी तीस जुळतात. मुलगी मात्र जुळत नाही. ज्या घरात सुनेनं काम सोडून यायचं, त्या घराला माझी मुलगी मी देणार नाही. तुम्ही वडील आहात, रागवा. राग टायरबरोबर पाठवला तरी चालेल.

सूर्यभान


राजूर, १ ऑक्टोबर १९७१

ती. स्व. आप्पांना,

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं आहे. आपट्याचं पान वाळलं असेल तर टपालखात्याला दोष द्या, मला देऊ नका.

खंडेनवमीला इथं जे झालं ते तुमच्या कानावर कोणाच्या ना कोणाच्या तोंडून येईलच. आधी माझ्या तोंडून ऐका.

इकडची रीत तुम्हाला माहीत आहे, आपलीही तीच. नवमीला हत्यारं पुजायची, आणि पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. नांगर, विळा, वजनकाटा, सगळी सुट्टीवर. आमच्या गल्लीत सायकलीही पुजतात. यंदा आसारामनं सणाची भेट म्हणून गल्लीतल्या सगळ्या सायकली फुकट धुऊन दिल्या, आणि शोभा यावी म्हणून टायरना जवसाचं तेल चोळलं. टायर असे काळेभोर चमकत होते की मीही दोन शब्द कौतुकाचे बोललो. हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढं नारळ.

दुपारी जेवणं होतात तोवर आंबेदऱ्याहून भीमा धावत आला. त्याची बायको गीताबाई आदल्या रात्रीपासून अडली होती. डॉक्टरसाहेब सणासाठी गावी गेलेले. मुक्तानं पेटी भरली, काष्टा घातला आणि हाराला हात घातला.

दारात आसाराम उभा. "ताई, पूजा मोडू नगा. चालत जा हवं तर."

"चालत गेले तर अंधार पडेल, आसारामभाऊ."

गल्ली गोळा झाली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभर ज्याला चेष्टेनं शास्त्रीबुवा म्हणतात त्याच्याकडून त्या दिवशी खरोखरचं शास्त्र हवं होतं. मी म्हणालो, "लढाई नसते तेव्हा शस्त्र पुजून ठेवतात. लढाई दारात आली की तेच उचलतात. पूजा त्यासाठीच असते." हे कोणत्या ग्रंथात आहे असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अजून लिहायचा आहे.

मुक्तानं हार माझ्या हातात दिला आणि निघाली. भीमा पायवाटेनं सरळ वर गेला, ती सायकलीच्या वाटेनं वळसा घालून.

मुलगी झाली. बाळबाळंतीण दोघी नीट आहेत.

मुक्ता दुसऱ्या दिवशी परत आली. वाटेत ती कातळावर घसरली होती, हाताला थोडं लागलं आहे. आता गल्लीत सिद्धांत निघाला आहे की देवीच्या पूजेतली सायकल उचलली म्हणून देवीनं पाडलं. मी त्यांना सांगतो, तेल लावलेला टायर ओल्या कातळावर नेला की देवी असो नसो, घसरतोच. आसारामला हे पटत नाही. तो म्हणतो, तेल तर त्यानं सगळ्यांच्याच टायरना लावलं, मग बाकीचे का पडले नाहीत? बाकीचे घरी पुरणपोळ्या खात होते, एवढंच कारण मला सुचतं.

लोक काहीही म्हणोत. त्या दिवशी ती चालत गेली असती आणि उशिरा पोचली असती, तर आज हीच गल्ली म्हणाली असती, काय कामाची ही नर्सबाई. मला त्या बोलण्यापेक्षा हे बोलणं चालतं.

सूर्यभान


राजूर, २५ ऑक्टोबर १९७१

ती. स्व. आप्पांना,

तुमचं कार्ड मिळालं. दोन वर्षांत पहिलं. अक्षर तसंच आहे, ठोकून बसवल्यासारखं. मजकूर गल्लीत सगळ्यांनी माझ्याआधी वाचला, कारण कचरू कार्ड वाचल्याशिवाय देत नाही. "देवाला डिवचलं त्याचं फळ मिळालं. अजून वेळ गेली नाही. पोरीला घेऊन ये. पाहुणे थांबायला तयार आहेत."

पाहुण्यांना थांबवू नका. उन्हातान्हात माणसं ताटकळतात.

हाताला थोडं लागलं असं मी लिहिलं होतं. मनगट मोडलं आहे, कोपरापर्यंत प्लास्टर आहे. तुम्ही असं कार्ड लिहाल हे ठाऊक होतं म्हणून थोडं लिहिलं. तुमच्यापर्यंत पुरं कसं पोचलं ते मी विचारत नाही, रंभाजींचा मेहुणा इथं जवळच अकोल्याच्या एस. टी. डेपोत आहे.

आता तुम्हाला ज्याची माहिती नाही ते सांगतो. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी भीमाची आई चांगुणाबाई नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आली. खिंड उतरून आलेली म्हातारी, पण ओट्यावर टेकायला तयार नाही. मुक्ताच्या प्लास्टरवरून हात फिरवत मला म्हणाली, "बाई आली ती ह्यो हात छातीशी धरून. मी म्हनलं, आता गं कसं? तर मला म्हनली, आजे, माजा ह्यो हात तू व्हय. ती सांगंल तसं म्या करत गेले. धर म्हनली, धरलं. सोड म्हनली, सोडलं. माज्या जल्मात म्या इतकं कुनाचं आइकलं न्हाई, नवऱ्याचं बी न्हाई."

मोडलेल्या मनगटानं ती त्या अडलेल्या बाईजवळ बसली आणि दोघींना वाचवलं. याला फळ म्हणायचं असेल तर म्हणा, मी वाटून खाईन.

फराळाचा डबा मिळाला. वहिनींच्या चकल्या एस. टी.च्या टपावरून येऊनही मोडल्या नाहीत, त्यांना साष्टांग, आठही अंगांनी. डब्याखाली गोणपाटात गुंडाळलेला टायर होता. चौकटींच्या नक्षीचा, अठ्ठावीस बाय दीड. चिठ्ठी नाही. मी दोन मागितले होते, आला एक, आणि तोही वापरलेला. नक्षीच्या खाचांत काळी माती होती, ही आमच्याकडची नव्हे. गड्याच्या सायकलीचा काढला की तुमच्या स्वतःच्या, आणि काढला कोणी, वहिनींनी की तुम्ही, हे मी विचारणार नाही. कबूल करायला लावून तुमची पंचाईत करायची नाही मला.

मुक्तानं तो त्याच दिवशी पुढच्या चाकाला बसवून घेतला. आसारामनं बसवला, ती एका हातानं रीम धरून उभी होती. तेल लावू का, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं नुसतं बघितलं. बाकावर नव्या टायरची तपासणी झाली. कचरू म्हणाला, नक्षी इतकी खोल आहे की सराटे आत बिऱ्हाड करतील. मच्छिंद्र म्हणाला, टायर चांगला आहे पण तो मागं हवा होता. दोघांचं एकमत झालं असतं तर मला काळजी वाटली असती.

तुमचा पाहुण्यांचा निरोप मी मुक्ताला वाचून दाखवला. तिनं कार्ड घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "टायरबद्दल आप्पांना कळवा, बरोबर बसला म्हणून." तेवढं कळवतो.

सूर्यभान


राजूर, १८ नोव्हेंबर १९७१

ती. स्व. आप्पांना,

प्लास्टर निघालं. मनगट थोडं वाकडं बसलं आहे. घंटी आता अंगठ्यानं वाजत नाही, तळव्यानं वाजवते.

हे पत्र टायरबद्दल नाही. म्हणजे सुरुवात तिथूनच होते. मुक्तानं परवा कातळ उतरून पाहिला, भर दुपारी, सगळ्या बाकासमोर. हात टेकला नाही, पाय टेकला नाही. कचरूनं दुसऱ्याच दिवशी आसारामकडे चौकशी केली, असा टायर मागवायचा झाला तर कुठून मागवायचा. आपलं मत बदललं आहे असं मात्र तो म्हणत नाही, माहिती असावी म्हणून विचारलं म्हणतो.

आता बातमी. आंबेदऱ्याला सरकार एक उपकेंद्र उघडतं आहे. एक खोली, एक कपाट, एक नर्स. तिथं राहायला तयार असलेल्या नर्सनं नाव द्यायचं होतं. दोन जणी आजारी पडल्या, एकीचं लग्न ठरलं. मुक्तानं नाव दिलं. मला आधी विचारलं नाही, देऊन झाल्यावर सांगितलं, आणि भाकरी वाढत राहिली.

गल्लीत कळलं तेव्हा आसाराम घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुमी बाप हाय. न्हाई म्हना की. तरणीताठी पोर, रानात एकली."

मी त्याला सगळं ऐकवलं. खिंडीपलीकडच्या बायकांनी काय नवमीला अडायचंच नाही? त्यांनी अडायचं तर डॉक्टरसाहेबांचे सण बघून अडायचं? माझी मुलगी रानात जाते तर तिथं आधीपासून माणसं राहत नाहीत काय? की ती माणसं मोजायची नाहीत? आवाज चढला होता. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. मी त्या खिडक्यांसाठी आणखी थोडा चढवला. आसाराम उठून गेला. मुक्ता आतून ऐकत होती. माझ्या पानात भाकरीवर तिनं तूप जरा जास्त वाढलं.

येत्या सोमवारी ती जाते. सामान भीमा आणि त्याचे भाऊ डोक्यावरून नेतील. सायकल ती स्वतः नेणार. तुमचा टायर पुढं, मागं जुना रेघांचा. मी तिला निरोप देईन तेव्हा गल्ली बघत असेल, आणि माझ्या चेहऱ्यावर त्यांना काही सापडणार नाही.

तुम्हाला मात्र सांगतो. दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

मागच्या पत्रात चांगुणाबाईचं बोलणं लिहिलं, त्यातलं एक वाक्य मी गाळलं होतं. ती म्हणाली होती, "बाई आली तवा दिवं लागलं हुतं." मुक्ता इथून जेवणवेळेला निघाली होती, आप्पा. सायकलीवर ती वाट एवढी लांब नाही. मी मुक्ताला विचारलं. आधी सांगेना, मग सांगितलं. कातळाच्या तळाशी ती पडली, सायकल अंगावर, हात खाली दुमडलेला. काही वेळ तिला शुद्ध नव्हती. शुद्ध आल्यावर हाका मारल्या. सणाचा दिवस, रानात कोणी नाही. मग एका हातानं सायकल बाजूला करून उठली आणि चालत निघाली.

भीमा केव्हाच घरी पोचला होता. बाई सायकलीच्या वाटेनं येते आहे, येईलच, असं त्यांना वाटत होतं. आणि इकडे आम्हाला वाटत होतं ती पोचली. मी हार खुंटीला टांगला, गल्लीतल्या लोकांशी चार वाक्यं आणखी भांडलो, जिंकलो, आणि पोटभर जेवलो होतो म्हणून आडवा झालो. मला झोप लागली. माझी मुलगी त्या कातळाखाली पडली होती आणि जगात एकही माणूस तिला शोधत नव्हता.

मी तिला अडवणार नाही. तुम्हीही अडवू नका, अडवून ती राहायची नाही. पण आता ती तिथं एकटी राहणार. बाजाराच्या दिवशी राजूरला येते म्हणाली आहे. मी जिवंत आहे तोवर त्या दिवशी वाटेवर बसेन, आणि ती आली नाही तर कोणाला तरी घेऊन वर जाईन. पण मी पन्नाशी ओलांडली आहे, आणि तिची आई नाही, भाऊ नाही. वाड्यांवर कोणी आजारी पडलं तर कोणाला बोलवायचं ते तिथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. ती स्वतः पडली तर कोणाला बोलवायचं?

तुमच्याशिवाय मला दुसरं नाव सुचत नाही. तिचं सगळं चुकतं असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या, फक्त तिला पत्र लिहीत जा. रागाचं लिहा हवं तर. तिचं उत्तर आलं नाही तर तुम्हाला कळेल, आणि तुम्ही चौकशी कराल.

ती पडली आहे हे कोणाच्या ध्यानातच येणार नाही, याची मला भीती वाटते.

सूर्यभान